लिहून घ्या, सर

माझी तक्रार लहान आहे, पण ती मी विचार करून मांडतो आहे. जो सिनेमा अजून पडद्यावर आलेला नाही त्याचा शेवट मला जवळजवळ रोज संध्याकाळी सांगितला जातो, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात शंकेचा अंशही नसतो.

शाळेतून परतताना मी वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या चौकात चहाला थांबतो. टपरीवरच्या पोरांपैकी बऱ्याच जणांना मी आठवी-नववीला विज्ञान शिकवलं आहे. मला पाहिलं की ते बाकावर सरकून जागा करतात, चहा सांगतात आणि ग्लास हातात यायच्या आत सुरू होतात. "सर, लिहून घ्या, कल्कीच्या पार्ट टूमध्ये भैरवच मरते." दुसरा त्याला तोडतो, "काहीच्या काही नको सांगू बे. मरते तं अश्वत्थामा. शाप संपते ना त्याचा!" तिसऱ्याचं म्हणणं, दोघंही मरत नाहीत, भैरव झालेल्या प्रभासला मारलं तर पिच्चर चालणार नाही. 'लिहून घ्या' असं तिघंही म्हणतात. आधार काय म्हणून विचारलं, तर तिघंही मोबाइलवरचा एकच व्हिडिओ पुढे करतात.

मला याचा त्रास होतो, कारण विज्ञानकथेचे सिनेमे मला मनापासून आवडतात. विज्ञानकथेची गोडी मला जयंत नारळीकरांमुळे लागली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाचं वजन कथेला मिळू नये, कथा स्वतःच्या बळावर उभी राहावी, हा त्यामागचा विचार. तिला पहिलं बक्षीस मिळालं. विज्ञानकथेत लेखक आधी एक नियम सांगतो आणि पुढचं सगळं त्या नियमाला धरून घडवतो. म्हणून तिचा शेवट वाचकाला काही अंशी ओळखता येतो, आणि ओळखता आला तरी तो न्यायाचा वाटतो. 'इंटरस्टेलर'मध्ये आधीच सांगून टाकलं आहे की त्या पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. ते ऐकल्यावर परतणाऱ्या बापाच्या वाट्याला काय येणार याचा हिशेब प्रेक्षकाने मांडावा. तो त्याचा हक्क आहे, आणि तो मी कोणाचा हिरावून घेऊ इच्छित नाही. माझं भांडण हिशेब न मांडता उत्तर ओरडणाऱ्यांशी आहे.

'कल्की 2898 एडी' 27 जून 2024 ला लागला. दिग्दर्शक नाग अश्विन यांनी आपला हिशेब आधीच उघड केला होता. महाभारताच्या शेवटापासून 2898 सालापर्यंत सहा हजार वर्षं, एवढा कथेचा पल्ला. पुराणांप्रमाणे कलियुग 4,32,000 वर्षांचं आहे आणि कल्की येतो तो त्याच्या अखेरीस. त्यातली सव्वापाच हजार वर्षंही अजून उलटलेली नाहीत. म्हणजे पुराणाचं वेळापत्रक सिनेमाने पहिल्याच पावलाला बाजूला ठेवलं. असं असताना "पुराणात असं लिहिलंय म्हणून शेवट असाच होणार" हे छातीठोक विधान टिकत नाही. हे मी चौकात समजावून सांगितलं आहे. तेव्हा पोरं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तेच पुराण पुन्हा काढतात.

अश्वत्थाम्याच्या शापाचंही तसंच. महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्णाने त्याला दिलेला शाप तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा आहे. त्याच हिशेबाने गेलं तर तो 2898 च्या कितीतरी आधी मोकळा झालेला असायला हवा. सिनेमाने मात्र त्याला कल्कीच्या जन्माच्या राखणीला ठेवलं आहे. महाराष्ट्रात तर त्याला कोणी मोकळं केलेलंच नाही. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंभा नावाचा डोंगर आहे, तिथे दिवाळीला अश्वत्थाम्याची यात्रा भरते, माणसं रात्रभर चढून वर जातात. तो जखमेसाठी तेल मागत फिरतो हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा 'शाप संपते' म्हणणाऱ्याने आधी कोणता शाप ते ठरवावं. व्यासांचा, सातपुड्यातला की नाग अश्विनचा? तिन्ही एकत्र कालवून शेवट सांगू नये.

आणि कर्ण! भैरव म्हणजे कर्ण, हे सिनेमाच्या शेवटाकडे उघड होतं, आणि त्या क्षणी थिएटरात शिट्ट्या वाजल्या. त्या शिट्ट्या योग्यच होत्या. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' 1967 साली आलं. तेव्हापासून मराठी घरांत कर्णाची बाजू घेणाऱ्यांची कमी नाही. म्हणून आपल्याकडचा अंदाज एकाच दिशेने वाहतो. कर्णावर अन्याय झाला होता, या जन्मी त्याला न्याय मिळणार, तोच कल्कीला वाचवणार. हे भावनेपुरतं ठीक आहे. पण अंदाज बांधताना चौकातले बहुतेक जण अश्वत्थामा आणि कर्ण हे जुने वैरी होते असं धरून चालतात, आणि इथे माझा धीर सुटतो. ते दोघे एकाच सैन्यातले. कृपाचार्यांचा अपमान केला म्हणून अश्वत्थामा एकदा कर्णावर तलवार घेऊन धावला होता हे खरं. पण द्रोणाचार्य पडल्यावर कर्णाला सेनापती करा असं सुचवणाराही अश्वत्थामाच, आणि शल्यानंतर कौरवांचा शेवटचा सेनापतीही तोच. एवढी गुंतागुंतीची जोडी हाताशी आहे. दुसऱ्या बाजूला सिनेमाने अर्जुनाचं गांडीव सरळ खलनायक यास्किनच्या हातात दिलं आहे. या मालिकेचं सगळ्यात मोठं कोडं हेच, की कर्ण आता राखणदार आहे आणि गांडीव शत्रूकडे आहे. यावर कोणी बोललं तर मी दोन चहा जास्त पिईन. बोलतात ते फक्त कोण मरणार यावर.

आमचं नालवाडी म्हणजे विनोबांचं गाव. 1932 च्या अखेरीस ते इथे राहायला आले आणि 1938 साली पवनारला जाईपर्यंत सूत कातून स्वतःचं पोट भरत इथे राहिले. इथे येण्याआधी, 1932 मध्येच, धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली होती आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गीताईचा कर्ता ज्या गावात राहिला, त्या गावात महाभारतावर बोलताना निदान कोण कोणाच्या बाजूने लढलं एवढं तरी बरोबर सांगावं, ही माझी अपेक्षा फार मोठी नाही.

दुसरी कटकट क्रिशची. हृतिक रोशनच्या या मालिकेत पहिला सिनेमा 'कोई मिल गया', ऑगस्ट 2003. दुसरा 'क्रिश', जून 2006. तिसरा 'क्रिश 3', नोव्हेंबर 2013. म्हणजे 'क्रिश 2' नावाचा सिनेमाच नाही. आकडा 'कोई मिल गया'पासून मोजलेला आहे. हे प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं, कारण प्रत्येक गप्पेत कोणीतरी विचारतंच, "दुसरा कुठी गेला, सर?" नाव ठेवणाऱ्यांनी थोडा विचार केला असता तर महाराष्ट्रातल्या कितीतरी चहाच्या टपऱ्यांवरचा वेळ वाचला असता.

तिसऱ्या भागाच्या वेळी जो मुलगा शाळेत होता तो आता कमावता झाला, तरी चौथा भाग आलेला नाही. 2025 च्या मार्चमध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केलं की चौथ्याचं दिग्दर्शन स्वतः हृतिक करणार. त्या दिवसापासून चौकात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, "जादू परत येते." दुसरा म्हणतो, "रोहित मेलाच नाही, क्रिशचा बाप जिता हाये." या दोन्ही अंदाजांकडे मी नीट लक्ष दिलं, कारण यांत थोडा तरी पुरावा आहे.

परग्रहावरून आलेल्या जादूची बाजू बरी आहे. त्याची शक्ती उन्हावर चालते हे पहिल्या भागात ठरलेलं आहे. त्याला बोलावणारा संगणक रोहितच्या वडिलांनी बनवला होता, तोही कथेत आहे. 'क्रिश 3'मध्ये रोहित सूर्याच्या किरणांनी मेलेल्या जिवात प्राण आणण्याचा प्रयोग करतो, म्हणजे उन्हाचा धागा तुटलेला नाही. हा धागा धरून जादू परतला तर तो उपरा वाटणार नाही.

रोहितची बाजू कच्ची आहे. त्यांचा युक्तिवाद असा की 2006 च्या सिनेमातही रोहित मेला असं सगळ्यांना वाटलं होतं आणि तो सिंगापुरात कैदेत जिवंत सापडला. एकदा जिवंत निघाला म्हणजे पुन्हा निघेल! पण तेव्हा त्याचा मृत्यू आपण पाहिलेला नव्हता, फक्त ऐकलेला होता. 2013 मध्ये मुलाला वाचवताना तो आपल्या डोळ्यांसमोर जातो. ऐकीव मृत्यू आणि पाहिलेला मृत्यू यांत फरक करता आला नाही तर कथा सांगण्याला अर्थ उरत नाही. दुसऱ्या भागात तर खलनायक डॉक्टर आर्याने भविष्य दाखवणारं यंत्रच बनवून घेतलं होतं आणि त्यात स्वतःचा मृत्यू पाहिला होता. भविष्य कळण्याचा लोभ माणसाला कुठे नेतो हे या मालिकेने सांगून झालं आहे. ज्यांनी तो सिनेमा दहा-दहा वेळा पाहिला त्यांनाच मालिकेचा शेवट आज कळायला हवा आहे. 'क्रिश 3'च्या शेवटी जन्मलेलं बाळ हवेत उचललं जातं, पुढची कथा त्या बाळाची असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि त्या बाळाबद्दल चौकात एक शब्द निघत नाही.

आता तिसरा प्रकार, आणि मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच. अंदाज कथेतून न बांधता बातम्यांतून बांधायचा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये वैजयंती मूव्हीजने जाहीर केलं की 'कल्की'च्या पुढच्या भागात दीपिका पदुकोण नसेल. त्याच संध्याकाळी निकाल लागला: तिची सुमती बाळंतपणात मरते, पहिल्या दहा मिनिटांत. ज्या स्त्रीच्या पोटातल्या जिवासाठी सहा हजार वर्षांचा म्हातारा लढतो आहे, तिचं नशीब करारावरून ठरवून टाकलं. भूमिका दुसऱ्या कोणी केली तर? सुमतीला दृष्टीआड ठेवूनही कथा चालली तर? या शक्यता मी मांडल्या. त्या कोणाला रुचल्या नाहीत, कारण त्या 'लिहून घ्या' म्हणून सांगता येण्याइतक्या ठाम नव्हत्या.

यात चूक फक्त प्रेक्षकांची आहे असं मी म्हणत नाही. शेवट आधी ठरवून न ठेवणाऱ्या निर्मात्यांचीही आहे. 'स्टार वॉर्स'च्या मुख्य मालिकेतल्या शेवटच्या तीन सिनेमांत रे नावाची मुलगी आहे. 2015 ला तिचे आईबाप कोण हा प्रश्न टाकला आणि जगभरचे चाहते अंदाज बांधत बसले. 2017 ला उत्तर मिळालं, कोणीच नाही, साधी माणसं. मला ते उत्तर फार आवडलं. शूर व्हायला थोर घराण्यात जन्मावं लागत नाही, हे त्या मालिकेने पहिल्यांदाच एवढं सरळ म्हटलं होतं. 2019 ला ते पुसून टाकलं आणि ती खलनायक पाल्पटीनची नात निघाली. तीन भागांची कथा सुरू करताना तिसऱ्या भागात काय घडणार हे ठरलेलं नसेल, तर पहिल्या भागात टाकलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही, प्रेक्षकाची फसवणूक होते. माणसं वर्षानुवर्षं डोकं चालवतात, तेव्हा समोर खरं उत्तर ठेवलेलं असलं पाहिजे.

खरं उत्तर ठेवलेलं असतं तेव्हा अंदाज बांधण्यात किती आनंद आहे, हेही सांगतो. 'इन्फिनिटी वॉर' 2018 ला आला, निम्मं जग धुळीला मिळालं, आणि 'एंडगेम'ला एक वर्ष होतं. मधल्या काळात आलेल्या 'अँट-मॅन अँड द वास्प'मध्ये अँट-मॅन क्वांटम जगात अडकतो आणि त्याला आधीच बजावलेलं असतं की तिथे काळाच्या भोवऱ्यात सापडू नकोस. त्यावरून ज्यांनी म्हटलं की आता काळात मागे जाऊन उपाय होणार, त्यांनी पुरावा वाचला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला हे सिनेमा लागण्याच्या कितीतरी आधी फळ्यावर आकृती काढून दाखवलं होतं, आणि तिने 'मला असं वाटतं' या शब्दांनी सुरुवात केली होती. त्याच दिवसांत चौकातला आवडता अंदाज वेगळा होता: अँट-मॅन खलनायक थॅनॉसच्या शरीरात शिरून आतून मोठा होणार. त्याला पुरावा काही नव्हता, हसू येत होतं एवढंच. आजही माणसांना तोच आठवतो, त्या मुलीचा अंदाज कोणाला आठवत नाही.

यातूनच माझी जुनी खंत निघते. अंदाज चुकला की तो सांगणारा नाहीसा होतो आणि बरोबर आला की आधीच सांगितलं होतं म्हणणारे दहा जण उभे राहतात. 'बाहुबली' विज्ञानकथा नाही, पण उदाहरण त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं सापडत नाही. 10 जुलै 2015 ते 28 एप्रिल 2017, जवळजवळ दोन वर्षं, कटप्पाने बाहुबलीला का मारलं यावर वर्ध्यातल्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलणं होत होतं. कोणी म्हणे कटप्पा फितूर, कोणी म्हणे बाहुबली जिवंत आहे. उत्तर निघालं सिंहासनाशी बांधलेल्या गुलामाचं आणि राजमाता शिवगामीच्या आज्ञेचं. सिनेमा लागला त्या आठवड्यात फितूर म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. सगळ्यांनी शिवगामीच म्हटलं होतं!

काही जण मला उलटून विचारतात की शेवट कळला तर बिघडतं काय, सर, रामायणाचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतोच ना. प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर देतो. दंडारीत, खडी गमतीत, कीर्तनात शेवट ठाऊक असतो आणि माणूस तरीही रात्रभर बसतो, कारण तिथे रस सांगण्याच्या रीतीत आहे. काय घडलं ते सगळ्या गावाला एकदम आणि पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. विज्ञानकथेत शेवट हे उत्तर आहे, आणि ते उत्तर माझं मी शोधावं म्हणून मी तिकीट काढतो. ते आधी सांगणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पेपर फोडणं. ज्याला उत्तर येत नव्हतं त्याचं काही जात नाही. ज्याने अभ्यास केला होता त्याची मेहनत जाते.

पेपर फोडण्याचे आता नवे मार्ग निघाले आहेत. पहिल्या दिवशी पहिला शो पाहणारा माणूस अंधारात मोबाइल उंच धरतो, शेवटचा प्रसंग टिपतो आणि बाहेर येण्याआधी स्टेटसला लावतो. मी दूधवाल्याचा हिशेब पाहायला मोबाइल उघडतो आणि कोण मेलं ते कळतं. हा नुसता असभ्यपणा नाही. 2023 साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे थिएटरात असं चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. हे मी चौकात सांगितलं तेव्हा एकाने लगेच स्टेटस काढलं. त्याचं मला कौतुक वाटलं. 'एंडगेम' लागण्याआधी दिग्दर्शक रूसो बंधूंनी जाहीर पत्र लिहून प्रेक्षकांना शेवट न फोडण्याची विनंती केली होती. एवढा खर्च करून सिनेमा काढणाऱ्यांना हात जोडावे लागतात, तर माझ्यासारख्या शिक्षकाने वैतागावं यात नवल नाही.

थिएटरात शेजारी बसून "आता पाय, आता कसा येते" म्हणणाऱ्यांविषयी जास्त लिहीत नाही. तो माणूस बहुधा दुसऱ्यांदा आलेला असतो आणि त्याला आपल्याला आनंद द्यायचा असतो. पण मध्यंतरात समोशाच्या रांगेत उभं राहून उत्तरार्ध मोठ्याने सांगणाऱ्याला क्षमा नाही. त्या रांगेतून कोणाला बाहेर पडता येत नाही.

तर नालवाडीतल्या आणि वर्ध्यातल्या सगळ्या सिनेमाप्रेमींना माझं सांगणं आहे. अंदाज जरूर बांधा. मी उद्यापासून टपरीवर दोनशे पानी वही ठेवतो आहे. मालकांनी गल्ल्याशेजारी जागा दिली आहे. ज्याला 'लिहून घ्या' म्हणायचं असेल त्याने स्वतः लिहावं: तारीख, नाव, अंदाज, आणि त्याखाली सिनेमातला कोणता प्रसंग आधार म्हणून धरला ते. आधाराचा रकाना रिकामा ठेवला तर मी ते पान वाचणार नाही. सिनेमा लागून दोन आठवडे होईपर्यंत वहीतलं कोणीही मोठ्याने वाचून दाखवू नये. आणि 'कल्की'चा दुसरा भाग येईल तेव्हा मला शाळेमुळे पहिल्या दिवशी जाता येणार नाही, मी रविवारी जाईन. तोपर्यंत कृपा करून मला कोणी काहीही सांगू नका.